तेहतीस राजवायू

रविवारी दुपारी विज्ञानाच्या बाईंच्या घरी जेवायला टेबल मोकळं नव्हतं, कारण टेबलावर ऑक्सिजन वाळत पडला होता. खुर्च्या सोडियम आणि क्लोरीनने अडवल्या होत्या, फ्रिजच्या माथ्यावर कार्बन होता, आणि संख्येने सगळ्यांत जास्त असलेला हायड्रोजन मिळेल तिथे पसरला होता. खिडकीत होता, जिन्याच्या पायऱ्यांवर होता आणि बाईंच्या नवऱ्याच्या नुकत्याच इस्त्री केलेल्या शर्टावरही होता. नवऱ्याने ताट हातात घेतलं आणि उभ्या उभ्या मुकाट्याने जेवून घेतलं. शिक्षिकेशी लग्न होऊन त्याला वर्ष झालं होतं, त्यामुळे काय बोलू नये हे त्याला बऱ्यापैकी समजायला लागलं होतं.

पुठ्ठ्याच्या या सगळ्या पाट्या रंगवत होते बाईंचे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी पाट्या रंगवल्या होत्या. सुरुवातीला दुकानांच्या, मग दवाखान्यांच्या आणि शेवटची पंधरा वर्षं गॅसच्या टँकरवरच्या. निवृत्त झाल्यावर घरातला एकही डबा त्यांनी अक्षरांवाचून सोडला नव्हता. स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीवर 'मीठ' आणि त्याखाली बाण काढून 'झाकण येथे' असंही लिहिलेलं होतं. सुनेने तेहतीस पाट्या रंगवायच्या आहेत असं सांगितलं तेव्हा त्यांना दहा वर्षांनी तरुण झाल्यासारखं वाटलं.

"अगं, पण हे अणू म्हणजे दिसत नाहीत ना?" त्यांनी ब्रश झटकत विचारलं.

"नाही दिसत, बाबा. म्हणून तर मुलांना दाखवायचेत."

"मग अक्षर ठळक पाहिजे. आधीच दिसत नाहीत, त्यात अक्षर बारीक काढलं तर संपलंच."

बाईंनी मान डोलावली आणि त्या वह्या तपासायला आत गेल्या. तिथेच चुकलं.

शुक्रवारी शाळेत तपासनीस साहेब येणार होते आणि सातवीच्या वर्गावर बाईंचा पाठ बघणार होते. बाईंची नोकरी अजून कच्ची होती. मागच्या तपासणीत चुंबकाचा प्रयोग दाखवताना त्यांच्या हातून तेव्हाच्या साहेबांचं घड्याळ बंद पडलं होतं, आणि 'पुन्हा एकदा पाहू' असा शेरा त्यांच्या नावापुढे लागला होता. आता ते पुन्हा एकदा पाहणं शुक्रवारवर येऊन ठेपलं होतं. पाठ चांगला झाला तर बाई कायम होणार होत्या, नाहीतर जूनमध्ये त्यांनी दुसरी शाळा शोधायची होती.

म्हणून बाईंनी कंबर कसली होती. विषय होता अणू, मूलद्रव्ये आणि संयुगे. नुसतं फळ्यावर लिहून मुलांना ते कळत नाही हे त्यांना स्वतःच्या लहानपणावरून माहीत होतं. त्यांनी ठरवलं, मुलांनाच अणू करायचं. गळ्यात पाटी घालायची आणि ज्या अणूला जितके हात, तितके हात मोकळे ठेवायचे. हायड्रोजनला एकच हात, दुसरा पाठीमागे. ऑक्सिजनला दोन. कार्बनला चार, म्हणून दोन मुलं पाठीला पाठ लावून उभी करायची. मग ज्यांनी त्यांनी आपापली जोडी शोधून हात धरायचे, की झालं संयुग. बाईंनी कागदावर हिशेब मांडला होता. पाणी चार, कार्बन डायऑक्साइड दोन, मीठ तीन आणि मिथेन एक. यात बत्तीस मुलं बसत होती. उरत होती एक.

हजेरीत शेवटी नाव असलेली मुलगी दोनच महिन्यांपूर्वी शाळेत आली होती. वर्गात तिला सगळे 'तेहतीस' म्हणत. ती फारसं बोलत नसे आणि तिच्याशीही कोणी फारसं बोलत नसे. तिला बाईंनी हेलियम दिला. हेलियम कोणाचा हात धरत नाही. हिशेब पक्का जुळला म्हणून बाईंना त्या दिवशी फार बरं वाटलं होतं, आणि पुढे याच बरं वाटण्याची त्यांना लाज वाटणार होती.

सोमवारी वर्गात शुक्रवारच्या तालमीसाठी बाईंनी पाट्यांचं पुडकं सोडलं. 'हायड्रोजन', 'ऑक्सिजन', 'कार्बन', एकाहून एक सुरेख. मुलांनी त्या गळ्यांत घातल्यासुद्धा. शेवटच्या पाटीवर बाईंची नजर गेली तेव्हा ती तेहतीसच्या गळ्यात होती. वर बारीक अक्षरांत 'हेलियम वायू' आणि खाली, हाताच्या पंजाएवढ्या लालभडक अक्षरांत, 'निष्क्रिय'.

यादीत हेलियमपुढे त्यांनी स्वतःच्या आठवणीसाठी कंसात तो शब्द लिहिला होता. निष्क्रिय वायू, म्हणजे कोणाशी संयोग न पावणारा. पण तेवढ्यात पलीकडे दोन हायड्रोजन एकाच ऑक्सिजनवरून भांडायला लागले, कार्बनच्या दोन अर्ध्यांनी एकमेकांना ढुशा द्यायला सुरुवात केली, आणि पाटीचं राहून गेलं. पाठ मात्र झकास झाला. पाणी तयार झालं, मीठ तयार झालं, मिथेनच्या सहा मुलांनी हसून हसून जमिनीवर लोळण घेतली. तेहतीस हाताची घडी घालून खिडकीपाशी उभी होती.

"पाट्या घरी न्या," बाई म्हणाल्या, "आणि आपापला अणू पाठ करून या."

संध्याकाळी त्यांनी सासऱ्यांना गाठलं. "बाबा, निष्क्रिय एवढं मोठं का काढलंत?"

"काढणारच!" सासरे म्हणाले. "पंधरा वर्षं टँकर रंगवलेत मी. वायूचं नाव बारीक असलं तरी चालतं, तो करतो काय ते मोठं पाहिजे. 'ज्वलनशील' असलं की लाल, फूटभर. त्यात तू म्हणालीस अणू. अणू म्हटलं की बॉम्ब, आणि बॉम्ब निष्क्रिय केला असेल तर ते आधी लोकांना कळायला नको का? सुरक्षिततेचा प्रश्न आहे."



मंगळवारी सकाळी शिपाई बाईंना मुख्याध्यापकांच्या खोलीत घेऊन गेला. मुख्याध्यापक मूळचे इतिहासाचे. त्यांच्या आयुष्यात एकच इच्छा होती, शाळेत शांतता असावी. ते बोलतानाही दर दोन वाक्यांनी 'शांतता हवी' म्हणत, त्यामुळे मुलांनी त्यांचं नाव 'शांतता' ठेवलं होतं. त्यांच्यासमोर तेहतीसची आई उभी होती. ती इस्पितळात परिचारिका होती आणि ड्यूटीवरून तशीच गणवेशात आली होती. टेबलावर ती पाटी ठेवलेली होती.

"माझ्या मुलीला निष्क्रिय कोण म्हणालं?"

"तिला नाही हो म्हटलं," बाई घाईघाईने म्हणाल्या. "हेलियमला म्हटलं."

"पाटी कोणाच्या गळ्यात होती?"

"तिच्याच."

"मग? बारा वर्षं वॉर्डात काढलीत मी. आमच्याकडे रिपोर्टवर निष्क्रिय लिहून आलं की त्या माणसाची किडनी गेलेली असते. पोर काल घरी आली ती गप्पच. धड जेवलीसुद्धा नाही."

"शांतता हवी," मुख्याध्यापक म्हणाले. "बाई, एखादा सक्रिय वायू शिल्लक नाही का आपल्याकडे?"

"सर, निष्क्रिय म्हणजे आळशी नव्हे. हेलियमचं सगळं मुळातच पूर्ण असतं. त्याला कोणाकडून काही घ्यायचं नसतं, कोणाला काही द्यायचं नसतं. म्हणून तर या वायूंना राजवायू असंही म्हणतात."

खोलीत एकदम शांतता पसरली. मुख्याध्यापकांनी एवढी वर्षं वाट पाहिली होती तशीच.

"राजवायू?" आई म्हणाली. "असा चांगला शब्द असताना हा कशाला लिहायचा?"

"अगदी बरोबर," मुख्याध्यापक म्हणाले. राजा म्हटलं की इतिहासाचा माणूस खूश होणारच. "बाई, राजवायू लिहा. आणि जमलं तर वर एखादा मुकुटही काढा."

सासऱ्यांनी मुकुट काढला. साधासुधा नव्हे, सोनेरी रंगाचा, मधोमध माणिक आणि दोन्ही बाजूंना मोती. बुधवारी तेहतीस ती पाटी घालून शाळेत आली आणि मधल्या सुट्टीत अख्खा वर्ग ती पाटी बघून गेला. पाटीकडे सगळ्यांनी बघितलं. तिच्याशी बोललं मात्र कोणी नाही.

गुरुवारी सकाळी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर रांग लागली होती.

"कार्बन म्हणजे कोळसाच ना?" पहिले वडील म्हणाले. "माझा मुलगा कोळसा?"

"हिरासुद्धा कार्बनच असतो," बाईंनी समजावलं.

"मग हिरा लिहा की!"

एका हायड्रोजनची आजी नातवाला घेऊनच आली होती. "एकच हात? याला दोन धडधाकट हात आहेत. मोजा तुम्हीच. आणि दुसरा हात पाठीमागे का म्हणून लपवायचा? आमच्या घराण्यात कोणी काही लपवलेलं नाही."

क्लोरीनच्या आईचं म्हणणं, ते नाव तिच्याकडे संडास धुवायच्या बाटलीवर असतं. सोडियमचे वडील तर हवालदिलच झाले होते. त्यांना रक्तदाब होता. "डॉक्टरांनी आमच्या घरात सोडियम पूर्ण बंद केलंय, आणि हा गळ्यात घालून हिंडतोय!" शेवटी ऑक्सिजनचे वडील आत आले. ते भिडस्त होते. "आमची तशी काही तक्रार नाही. ऑक्सिजन चांगलाच असतो. पण बाकीचे सगळे राजे होणार असतील, तर आमचीच नुसती हवा का राहावी?"

शेवटचे पालक गेल्यावर मुख्याध्यापकांनी पाण्याचा ग्लास रिकामा केला आणि निर्णय दिला. "सगळ्यांना राजवायू करा."

"सर!" बाई जवळजवळ ओरडल्याच. "राजवायू कोणाचा हात धरत नाहीत. सगळेच राजवायू झाले तर संयुग होणार कसं? पाठच संयुगाचा आहे!"

"एखादं संयुग कमी होईल, बाई. पण उद्या साहेब येतायत. त्यांच्यासमोर एकही पालक नको, एकही तक्रार नको. मुलं हाताची घडी घालून उभी असली म्हणजे किती छान दिसतं! शांतता हवी."

बाईंनी हात टेकले. नोकरी ज्यांच्या हातात आहे त्यांच्याशी किती वाद घालणार? त्या संध्याकाळी घरी सोनेरी रंगाचा नवा डबा उघडला गेला. "तेहतीस मुकुट!" सासरे म्हणाले. "सूनबाई, चाळीस वर्षांत इतकं मानाचं काम नव्हतं आलं माझ्याकडे." राजवायूंची नावं मुळात सहाच, त्यामुळे हेलियम, निऑन, आरगॉन असं फिरून फिरून तेच लिहावं लागलं. पण मुकुट प्रत्येकाचा वेगळा होता.

शुक्रवारी तपासनीस साहेब वर्गात आले आणि मागच्या बाकावर वही उघडून बसले. उंच, शांत, केस पिकलेले गृहस्थ होते ते. मुख्याध्यापक रजिस्टर बगलेत धरून दारापाशी उभे राहिले. समोर तेहतीस मुलं, तेहतीस मुकुट, आणि सगळ्यांच्या हाताची घडी. पिन पडली तरी ऐकू आली असती.

"मूलद्रव्य म्हणजे काय?" बाईंनी विचारलं.

"एकाच प्रकारच्या अणूंचा बनलेला पदार्थ म्हणजे मूलद्रव्य," वर्ग एका सुरात म्हणाला.

"छान," साहेब म्हणाले. "आता एखादं संयुग करून दाखवा. पाणी दाखवा."

कोणी हललं नाही.

"अरे, पाणी," साहेब पुन्हा म्हणाले. "साधं पाणी."

पहिल्या बाकावरचा एक क्रिप्टॉन उभा राहिला. "साहेब, आम्ही कोणाशीही संयोग पावत नाही."

"कोणीच नाही?"

"नाही साहेब. आमचं सगळं पूर्ण आहे."

"बरं, मीठ?"

"मीठ पण नाही, साहेब. आम्ही राजे आहोत."

साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला आणि तेहतीस मुकुटांवरून नजर फिरवली. "संयुगाच्या पाठाला सगळेच राजवायू? ही कल्पना कोणाची?"

बाईंनी मुख्याध्यापकांचं नाव घेतलं असतं तर ते खरंच होतं, पण त्यांच्या जिभेवर ते येईना.

"मुख्याध्यापक सरांची!" वर्ग पुन्हा एका सुरात म्हणाला. सकाळी सरांनी स्वतःच ते अभिमानाने सांगितलं होतं, आणि पाठांतर चांगलं झालं होतं.

मुख्याध्यापकांनी छताकडे पाहिलं. साहेबांनी वहीत काहीतरी लिहायला पेन टेकवलं आणि बाईंना वाटलं, संपलं. अख्खं वर्ष संपलं. रडू येईल म्हणून त्यांनी उगीचच खडू उचलला. तेवढ्यात खिडकीपाशी एक हात वर झाला.

"बाई, मला हायड्रोजन करा ना."

तेहतीस बोलत होती. वर्गात तिचा आवाज इतका मोठा पहिल्यांदाच ऐकू आला.

"अगं, तू तर पहिली राजवायू!" मुख्याध्यापक दारातूनच म्हणाले. "तुझी आई स्वतः येऊन—"

"आईला तो शब्द आवडला नव्हता, सर. मला शब्दाचं काही नव्हतं वाटलं." तिने वर्गाकडे पाहिलं. "सोमवारी सगळे हात धरून हसत होते. मी एकटीच इकडे उभी होते. मला एकच हात दिला तरी चालेल."

बाईंना आपला कागदावरचा हिशेब आठवला, बत्तीस बरोबर बसले म्हणून झालेला आनंद आठवला, आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. एवढ्या पाट्या बदलल्या, एवढे पालक आले नि गेले, पण या पोरीला काय हवंय ते एकानेही विचारलं नव्हतं. खुद्द त्यांनी तरी कुठे विचारलं होतं? साहेब काय लिहितात हा विचार त्यांनी सोडून दिला. त्या सरळ खिडकीपाशी गेल्या आणि तिच्या गळ्यातली पाटी काढून टेबलावर ठेवली.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आजपासून तू हायड्रोजन."

"मग मी पण ऑक्सिजन!" एक निऑन ओरडला आणि त्याने मुकुटाची पाटी डोक्यावरून उपसून काढली. "मी कार्बन!" "ए, माझा अर्धा कार्बन कुठाय?" पाहता पाहता टेबलावर मुकुटांचा ढीग झाला. बाकं सरकली, कोणाचा तरी डबा खाली पडला, मिठाच्या तिन्ही जोड्या फळ्यापुढे उभ्या राहिल्या आणि मिथेनने सोमवारसारखीच लोळण घेतली. दारातून "शांतता हवी, शांतता हवी" असा क्षीण आवाज येत होता, पण तो कोणाशीच संयोग पावला नाही.

दोन मिनिटांत बत्तीस मुलं सोमवारच्या आपापल्या जागी जाऊन घट्ट चिकटली. आणि तेहतीस एक हात पाठीमागे नि दुसरा पुढे करून मधोमध उभी राहिली. तिचा हात धरायला एकही हात मोकळा नव्हता. बाईंनी पुढे व्हायला पाऊल उचललं, पण तिने त्याआधीच सगळीकडे नजर फिरवून घेतली होती. ती मागच्या बाकापाशी गेली.

"साहेब, तुम्हाला किती हात आहेत?"

"दोन आहेत की," साहेब म्हणाले.

"एक पाठीमागे घ्या."

साहेबांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग पेन बाकावर ठेवलं, उभे राहिले, डावा हात पाठीमागे घेतला आणि उजवा पुढे केला. तेहतीसने तो धरला.

"झालं!" बाईंना राहवलं नाही. "बघा मुलांनो, दोन हायड्रोजन. पण हे संयुग नव्हे बरं का. दोघं एकाच जातीचे, म्हणून हा मूलद्रव्याचाच रेणू!"

"थांबा," साहेब म्हणाले. "म्हणजे सारखेच एकत्र आले तर मूलद्रव्य, आणि वेगवेगळे एकत्र आले तर संयुग?"

"हो, साहेब."

"तीस वर्षं हा पाठ तपासतोय मी," साहेब हळूच म्हणाले. "इतका सोपा आहे हे कोणी सांगितलंच नाही."

तास संपत आला होता. मुख्याध्यापक संधी साधून पुढे झाले, रजिस्टर उघडून बाकावर ठेवलं आणि साहेबांपुढे पेन धरलं. "शेरा लिहिताय ना, साहेब? वर्गातला गोंधळ आपण पाहिलाच."

साहेब हात सोडवायला गेले.

"सोडायचं नाही, साहेब," तेहतीस म्हणाली. "सोडलं तर रेणू मोडतो."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, मग पेनाकडे पाहिलं. "ऐकलंत ना? माझा एक हात इथे गुंतलाय आणि दुसरा मला नाहीच. तुम्हीच लिहा. मी सांगतो."

मुख्याध्यापक नाइलाजाने बाकावर बसले. त्यांचं अक्षर फार सुंदर होतं.

"लिहा. 'पाठ उत्तम झाला. मुलांना अणू, मूलद्रव्ये आणि संयुगे कळली. मलाही कळली. बाईंना कायम करावे.' झालं?"

"कायम... करावे," मुख्याध्यापक पुटपुटले.

"पुढे. 'मुख्याध्यापकांनी विज्ञानाच्या पाठात ढवळाढवळ करू नये.'"

मुख्याध्यापकांचं पेन थांबलं. मग त्यांनी ते वाक्यही लिहिलं, वेलांट्या, मात्रा सगळं जागच्या जागी. लिहून झाल्यावर मात्र त्यांनी मान वर केली. "साहेब, हे शेवटचं वाक्य ठेवायलाच हवं का?"

"मी एकटा नाही ना ठरवू शकत आता," साहेब म्हणाले. "या दुसऱ्या हायड्रोजनला विचारा."

तेहतीसने हात न सोडता वाकून रजिस्टरचं पान नीट पाहिलं.

"असू दे, सर," ती म्हणाली. "इतकं छान अक्षर आलंय. खोडलं तर पान खराब दिसेल."

मुख्याध्यापकांनी पूर्णविराम दिला.